पहिल्या खुर्चीच्या शेजारी

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. बास्केटबॉलच्या कोर्टाला लागून आमच्या संघाच्या खुर्च्यांची जी रांग मांडतात, तिच्यात मी दुसरी. 'दुसरी' हा शब्द मी आता सहज म्हणते, पण तो असा सहज म्हणायला मला बरीच वर्षं लागली.

पहिली माझी सख्खी बहीण. एकाच कारखान्यात, एकाच लोखंडी नळीचे तुकडे वाकवून आम्हा दोघींचे पाय घडवले. वेल्डर तोच, रंगाचा डबा तोच, बैठकीच्या फळ्यासुद्धा एकाच ओंडक्याच्या. टेम्पोतून उतरवताना हमालाच्या उजव्या हातात ती होती, डाव्या हातात मी. त्याने उजवा हात आधी टेकवला, एवढाच काय तो फरक. त्या दिवसापासून तिच्यावर मुख्य प्रशिक्षक बसू लागले आणि माझ्यावर त्यांचे सहायक. तिला मऊ गादी मिळाली. कॅमेरेवाले तिच्यासमोर गुडघे टेकायचे. फोटोत माझा आलाच तर एखादा पाय यायचा. बरं, ताईने कधी तोरा मिरवला म्हणावं, तर तेही नाही. ते तर जास्तच झोंबायचं. भांडायला निमित्त तरी हवं ना!

माझ्यावर बसणाऱ्या माणसाची गत माझ्याहून वेगळी नव्हती. ताईवर बसायचे ते थोरले सर, म्हणून खेळाडू यांना धाकटे सर म्हणायचे. केस पांढरे झाले, चष्मा लागला, तरी हे आपले धाकटेच. थोरले सर कोर्टाच्या कडेला उभे राहून गर्जायचे. धाकटे सर माझ्या काठावर पुढे झुकून बसायचे आणि बाहेर आलेला खेळाडू धापा टाकत त्यांच्या कानाशी लागायचा. कोणाला झोप नाही, कोणाचं घरी बिनसलंय, कोणाच्या खांद्यात कळ येते, सगळं त्यांना ठाऊक. सामना जिंकला की पोरं थोरल्या सरांना खांद्यावर उचलून नाचायची आणि धाकटे सर ओले टॉवेल गोळा करायचे. टॉवेल गोळा करता करता ते ताईकडे असे काही बघायचे, की मला वाटायचं, चला, जळायला सोबत तरी चांगली मिळाली.

एके दिवशी थोरल्या सरांच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि ते निवृत्त झाले. आता पहिल्या खुर्चीवर कोण? सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. धाकट्या सरांच्या बायकोने तर त्यांच्यासाठी नवा कोटसुद्धा शिवायला टाकला. पण संघाच्या मालकीणबाई तोलूनमापून चालणाऱ्या. त्या एका सकाळी कोर्टावर आल्या आणि म्हणाल्या, "माझ्यासमोर तीन उमेदवार आहेत. तिघांनी एकेक सराव घ्यायचा. मी बघेन आणि मग ठरवेन."

पहिला उमेदवार शिडी. हा आमच्याच संघाचा जुना हिरो, हात वर केला की रिंगेला टेकेल असा उंच, म्हणून शिडी. दुसऱ्या चिमणी मॅडम. त्यांनी परगावच्या मुलींचा एक संघ तळातून वर आणला होता. अंगाने एवढ्याशा, म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी बारसं उरकलं. आणि तिसरे आमचे धाकटे सर.

"उत्तम कल्पना आहे," धाकटे सर हसून मालकीणबाईंना म्हणाले. आणि खाली हात घालून त्यांनी माझ्या फळीचा एक ढलपा उपसून काढला.

पहिला सराव शिडीचा होता. सराव सुरू होण्याआधी भोवरा धाकट्या सरांपाशी आला. भोवरा म्हणजे आमचा सर्वांत चपळ खेळाडू. प्रतिस्पर्ध्याभोवती गिरकी घेऊन कधी पसार झाला ते कळायचंही नाही. त्याने बुटाची नाडी बांधायच्या मिषाने खाली वाकून हळूच सांगितलं, "सर, डावा घोटा कालपासून धरलाय. कोणाला बोलू नका हं. नवे कोच येणार, पहिल्याच दिवशी लंगडा दिसायला नको."

"जपून खेळ," धाकटे सर म्हणाले.

तेवढ्यात शिडी आला. पोरांनी त्याला गराडा घातला. जो तो त्याच्या खांद्याला हात लावून बघत होता. धाकट्या सरांच्या वाट्याला असं कौतुक कधी आलं नव्हतं. शिडी गर्दीतून वाट काढत त्यांच्याजवळ आला. "सर, तुम्ही यांना रोज बघता. काही सांगून ठेवायचंय का कोणाबद्दल?"

मित्रांनो, तेव्हा माझ्या अंगावर बसलेल्या माणसाचं वजन मला अचानक वाढल्यासारखं वाटलं.

"नाही रे," धाकटे सर म्हणाले. "सगळे ठणठणीत आहेत."

भोवऱ्याला शब्द दिला होता, हे खरं. पण तोंड शब्दासाठी मिटलं नव्हतं. मी त्यांच्याखाली होते, मला कळतं. माझाही जीव तेव्हा सुखावला, हे कशाला लपवू? शिडी फसला तर ताईवर बसायला धाकटे सर, आणि माझ्या माणसाचा मान म्हणजे माझाच मान, असा माझा हिशोब.

शिडीने पोरांना पळवलं, उडवलं, परत पळवलं. भोवरा आधी दोन्ही पायांवर उतरत होता, मग एकाच पायावर उतरू लागला. धाकट्या सरांनी ते पाहिलं. त्यांचे हात माझ्या कडांना घट्ट धरून होते. चिमणी मॅडम त्या दिवशी नुसत्या बघायला आल्या होत्या आणि ताईवर बसल्या होत्या. त्या एकदम उठल्या. "अहो, त्या मुलाला थांबवा! डावा पाय बघा त्याचा!"

तोवर भोवरा उडाला होता. खाली आला तो घोट्यावरच. त्याच्या ओरडण्याने सगळा सराव थांबला.

"मला कोणी सांगितलंच नाही!" शिडीचा चेहरा पांढराफटक पडला. मालकीणबाईंनी त्याच्याकडे एक नजर टाकली आणि त्याचं तिथेच संपलं. भोवऱ्याला उचलून नेताना त्याने मान वळवून धाकट्या सरांकडे पाहिलं.

त्यानंतर चिमणी मॅडमचा सराव झाला, तो चांगला झाला. धाकट्या सरांचा झाला, तो त्याहून चांगला झाला. प्रत्येक खेळाडूची खोड त्यांना तोंडपाठ, शिट्टी कुठे वाजवायची ते अचूक ठाऊक. सराव संपल्यावर मालकीणबाई खूश होऊन आमच्या रांगेपाशी आल्या. भोवरा कुबड्या बाजूला ठेवून ताईवर बसला होता. धाकटे सर माझ्यावर. चिमणी मॅडम जवळच उभ्या होत्या.

"एकच विचारायचं राहिलंय," मालकीणबाई म्हणाल्या. "याचा पाय दुखत होता हे आधी कोणाला माहीत होतं?"

"कोणालाच नाही," भोवरा पटकन म्हणाला. "मीच लपवलं."

झालं! मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. आता नुसतं गप्प राहायचं, की पहिली खुर्ची आपली. धाकट्या सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"खोटं बोलतोय तो," ते म्हणाले. "मला माहीत होतं. शिडीने विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो."

"का?"

"तो पडावा असं नव्हतं वाटत मला. पण शिडी पडावा असं वाटत होतं."

मालकीणबाई निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी जाहीर झालं, मुख्य प्रशिक्षक चिमणी मॅडम.

खरं बोललं की मन हलकं होतं असं तुम्हाला शाळेत शिकवत असतील. धाकट्या सरांचं झालं नाही. ते यायचेच बंद झाले. त्यांच्या जागी एक दिवस त्यांची बायको आली, दवाखान्यातली ड्यूटी आटोपून, नर्सच्या पांढऱ्या बुटांतच. त्यांची बॅग घ्यायला. दमली होती, म्हणून माझ्यावर टेकली. चिमणी मॅडम तिच्याजवळ आल्या.

"कसे आहेत सर?"

"कसे असणार? घरात टीव्ही लावायची बंदी आहे. शेजारच्यांना बढती मिळाली, तर त्यांच्याशीही बोलत नाहीत. मी म्हटलं ताप असेल, मोजते. म्हणे, ताप नाही. मग मीच सांगितलं, हो, हा मत्सर आहे, त्याला आमच्या दवाखान्यात गोळी नाही."

मॅडम हसल्या. मग त्यांनी बॅगेवर हात ठेवला. "ही इथेच राहू दे, वहिनी. मुलं मला सगळं छान आहे म्हणून सांगतात. कोणाचं काय दुखतंय ते मला कोण सांगणार? त्यांना म्हणावं, माझा राग करा हवं तर. पण रोज येऊन करा."

"असाच निरोप देऊ?"

"अस्साच."

बायकोने निरोप दिला असावा, कारण दोनच दिवसांनी धाकटे सर आले. तोंड आंबट, पण आले. त्यांनी पहिल्यांदा भोवऱ्याला गाठलं. "चुकलो रे," म्हणाले. भोवऱ्याने मान हलवली, पण पूर्वीसारखा त्यांच्या कानाशी काही लागला नाही.

मोसमाच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी वेगळीच गंमत झाली. चिमणी मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही बसा पहिल्या खुर्चीवर. मला बसून खेळ दिसत नाही." आणि धाकटे सर खरंच ताईवर जाऊन बसले! इतकी वर्षं आम्ही दोघं मिळून जिच्यावर जळलो, तिच्याच गादीवर! माझ्यावर काय ठेवलं, तर पाण्याच्या बाटल्या आणि ओले टॉवेल. मित्रांनो, माझा नुसता कोळसा झाला. जळायला सोबतही उरली नाही.

सामना अटीतटीचा झाला. शेवटी शेवटी प्रेक्षक भोवऱ्याच्या नावाने ओरडू लागले. घोटा बांधून तो तयारच बसला होता. चिमणी मॅडम वळल्या. "सर, उतरवू याला?"

"मी बरा आहे, सर!" भोवरा गयावया करत म्हणाला. "सांगा ना त्यांना!"

पलीकडे मालकीणबाई बघत होत्या. धाकट्या सरांनी भोवऱ्याकडे पाहिलं. "नको," ते मॅडमना म्हणाले. "जिना उतरताना सकाळी डावा पाय चोरत होता. नका उतरवू."

आणि आम्ही हरलो. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मालकीणबाई तडक गाडीत जाऊन बसल्या. चिमणी मॅडम दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकाशी हात मिळवायला गेल्या. धाकटे सर ताईवर एकटेच बसून राहिले.

मग भोवरा आला. त्याने माझ्यावरचे टॉवेल आणि बाटल्या खाली सारल्या आणि धपकन माझ्यावर बसला. घुश्शातच बुटाची नाडी सोडली. मग धाकट्या सरांच्या कानाशी वाकला.

"सर... दुखतोय अजून."

"माहितेय मला," धाकटे सर म्हणाले. "दाखव बघू."

त्यांनी त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला. इतक्या वर्षांत ताईवर बसून असं काम कोणी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, मला ताईचा हेवा अजून वाटतो, अगदी आजही. तुम्हालाही कोणाचा वाटत असेल. वाटू द्या, त्याने कोणी मरत नाही. फक्त त्याच्या नादाने नेमक्या वेळी तोंड मिटून घेऊ नका, त्यात भलत्याचाच पाय मोडतो. आणि आमच्या कोर्टावर कधी आलात, तर बिजागऱ्यांना थोडं तेल घालून जा. हवं तर आधी ताईला घाला. नाही, खरं सांगू? आधी मला घाला.