सटवाच्या मनगटावरची बेडी

मित्रांनो, मी एक जुनी, गंजलेली बेडी आहे. नांदूरघाटच्या धुळाजी लोहाराने मला घडवले, तेव्हा आपल्या मुलुखात निजामाचे राज्य होते. तिथून मी धर्मापुरीच्या चौकीत आले. जमादार हुसेनखाँ मला रोज तेल लावत. माझी पकड चांगली आहे, असे सगळे म्हणत. मलाही त्याचा अभिमान वाटे.

त्या उन्हाळ्यात रस्त्यावर वाटसरू मरू लागले. अंगावर जखम नसे, फक्त गाठोडे गेलेले असे. तिसरे प्रेत सापडले तेव्हा सटवा धनगर जवळच उभा होता. हातात मेलेल्याचा पटका.

"म्या न्हाई मारलं, साहेब! त्येच्या तोंडावर ऊन येत हुतं, म्हनून पटका टाकत हुतो."

कोणी ऐकले नाही. लोक दगड घेऊन धावले. जमादारांनी मला त्याच्या मनगटांवर घट्ट आवळले. तो धडपडला, तशी त्याची कातडी सोलली. त्याचे रक्त मला लागले.

तिसऱ्या दिवशी चौथे प्रेत सापडले. सटवा तर चौकीतच होता! जमादार त्याच्यासमोर येऊन बसले.

"तुला काही ठाऊक हाय का?"

"बंकटच्या पानपोईपाशी सांडलेलं पानी पिऊन माझं कोकरू मेलं, साहेब."

"मग आधी कावून सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं कुठं?"

जमादारांनी मला सटवाच्या मनगटांवरून काढले, फडक्यात गुंडाळले आणि वाटसरूचा वेश करून ते भर दुपारी पाणपोईवर गेले. मी गाठोड्यात होते. त्यांनी मुद्दाम गाठोडे आपटले. मी पैशांसारखी खणखणले. बंकटचे डोळे चमकले.

"लई लांबून आलात जनू. बसा, गार पानी देतो."

समोरचा रांजण सोडून त्याने मागच्या मडक्यातले पाणी भरले. जमादारांनी तांब्या ओठांपर्यंत नेला. तांब्या तिथेच थांबला.

"आधी तू पी."

"मला तहान न्हाई."

"पी, बे!"

बंकट पळाला. शेताच्या बांधावर जमादारांनी त्याला गाठले आणि मी त्याच्या मनगटांवर बसले. मडक्याच्या तळाशी धोतऱ्याचे वाटलेले विषारी बी निघाले.

जमादारांनी सटवाच्या जखमा स्वतः धुतल्या. तो म्हणाला, "हे भरंल, साहेब. पर गाव मला खुनी म्हनतंय." तेव्हा जमादार त्याच्यासोबत गावच्या पारावर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी हाय. ह्या मानसानं खुनी दावला." दगड उचलणाऱ्यांनी बाजूला होऊन सटवाला वाट करून दिली. तो आपल्या मेंढरांकडे निघून गेला.

आता मला कोणी तेल लावत नाही. त्याचे दुःख नाही. मित्रांनो, एवढेच मागते: कोणावर आळ घेण्याआधी त्याच्यासमोर घटकाभर बसा आणि त्याला बोलू द्या.