घड्याळ एकाकडे, पेटी दुसऱ्याकडे

सासरे गेले तेव्हा मागे दोन मुली, दोन जावई आणि एकच घड्याळ ठेवून गेले. पण घड्याळ असं, की एखाद्या राजाच्या नजरेला पडतं तर त्यानं मुकुट गहाण टाकला असता. अस्सल सोन्याचं, कडेला दोन बटणं. एक दाबलं की नाजूक काटा सुसाट सुटायचा, दुसरं दाबलं की जागच्या जागी गार. सासरे शर्यतींचे पंच होते. समोरचा माणूस थाप मारायला किती सेकंद घेतो, तेही म्हणे ते त्यावरच मोजत.

जाताना त्यांनी बजावलं होतं, "घड्याळ दोन्ही जावयांचं. वर्षभर एकानं घालायचं, दुसऱ्यानं रिकामी पेटी सांभाळायची. म्हणजे एकमेकांच्या घरी येणंजाणं राहील."

थोरले जावई शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. घड्याळाच्या वर्षी ते आपल्या सदऱ्यांची डावी बाही आखूड शिवत, जगाला दिसावं म्हणून. पेटीच्या वर्षी पेटी उशाशी. तिच्यातली मखमल एकदा उसवली, तर जांभळ्या रेशमानं अशी शिवली, की वरून चालणाऱ्या मुंगीलाही ठेच लागू नये.

यंदा त्यांचं पेटीचं वर्ष. एका सकाळी धाकटे साडू आले. दातांचे डॉक्टर, दुसऱ्यांचे जबडे उघडायची इतकी सवय, की स्वतःचा मिटायला विसरत.

"साडूबुवा, घड्याळ मागे पडतंय. दुरुस्तीला टाकायचंय. पेटीशिवाय घेत नाहीत म्हणे."

मास्तरांनी पेटी दिली. वर पुसूनही दिली.

काही दिवसांनी एका गिऱ्हाइकानं पँटचं माप देता देता फोन पुढे केला. "मास्तर, हे तुमच्या हातावर असायचं तेच का हो?"

लिलावाची जाहिरात होती. लिलाव आजच. घड्याळ, शेजारी उघडी पेटी, खाली शब्द: मूळ पेटीसह. "पेटी असली की भाव चढतो," गिऱ्हाईक म्हणालं. मास्तरांनी फोटो मोठा केला. मखमलीत जांभळा टाका. आपल्या हातचा टाका ओळखायला त्यांना चष्मा लागत नव्हता.

गळ्यातला टेपही न काढता ते लिलावाच्या हॉलवर धडकले. दारातच डॉक्टर साडू भेटले, पांढऱ्या कोटात, घामाघूम.

"माझा गळा कापायला माझीच कात्री नेलीत?" मास्तर कडाडले.

"मी? अहो, मला आत्ता पेशंटनं सांगितलं! मला वाटलं, हा तुमचाच उद्योग!"

"मग पेटी कोण घेऊन गेलं? माझा आजोबा?"

"बायकोनं सांगितलं म्हणून नेली. घड्याळही तिच्याच हाती दिलं होतं."

दोघांनी एकदम आत पाहिलं. पहिल्या रांगेत दोघी बहिणी पाठमोऱ्या बसल्या होत्या. थोरलीच्या अंगात मास्तरांनी परवाच घाईघाईनं शिवून दिलेला कोट. मैत्रिणीच्या घरी कार्य आहे म्हणाली होती.

लिलाववाल्याचा हातोडा वर गेला.

"थांबा! ते घड्याळ आमचं आहे!" मास्तर ओरडले.

हातोडा हवेतच थांबला. लिलाववाला म्हणाला, "आपली हरकत असेल तर विक्री थांबवतो."

मास्तरांची बायको वळली. "आमचं म्हणजे कुणाचं हो? वडील माझे. मिरवलंत तुम्ही दोघं. एकदा तरी म्हणालात, घे, हातावर बांधून बघ?"

"मागायचंस."

"माझ्या वडिलांचं, तुमच्याकडे मागू?"

"निदान सांगायचंस! चोरासारखी पेटी काढून नेलीत. मी पुसून दिली गं ती."

"सांगितलं असतं तर दिली असतीत?"

मास्तरांनी गळ्यातला टेप ओढून काढला. मग म्हणाले, "नसती."

"मग?"

लिलाववाला खाकरला. "हरकत?"

"घड्याळाला नाही," मास्तर म्हणाले.

हातोडा पडला. बायकोनं पर्स उचलून शेजारची खुर्ची मोकळी केली. मास्तर बसले नाहीत.

"कोट शिवताना मी विचारलं होतं, कार्य कुणाकडे," ते हळूच म्हणाले. "तू मैत्रिणीचं नावसुद्धा सांगितलंस. तिच्या सासूच्या गुडघ्यांचं दुखणं सांगितलंस. मी हळहळलो गं."

ती कोटाचं बटण काढत, लावत, पुन्हा काढत बसली.