जीपची पुढची सीट

'हळद चावडी' हा आमचा इंटरनेटवरचा फोरम. २००८ साली त्याचे चारशेच्या वर सभासद होते, बहुतेक वसमत, हिंगोली, सेनगावकडचे हळद लावणारे. वाद मिटवायला ते दरवर्षी मतदानाने तीन पंच निवडत. पहिल्याच वर्षी एका पंचाने, तो स्वतः विकत असलेल्या खताविरुद्धच्या तक्रारी पुसून टाकल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक पंचाला एक अर्ज भरून सर्वांसमोर ठेवावा लागे. त्यात दोन रकाने: तुमचे नातेवाईक कोण आणि तुमचा धंदा काय. वादात यातलं काही आलं, तर पंचाने बाजूला व्हायचं आणि त्याच्या जागी चिठ्ठी टाकून एक सभासद घ्यायचा.

मी वसमतला माती परीक्षणाचं काम करायचे. निवडून आल्यावर मी अर्ज नीट भरला. पण मी तांड्यावरची, आणि तांड्यावर प्रत्येक जण कुणाचा तरी कोणीतरी असतोच. एकशे बारा नावं झाली.

सेनगावजवळच्या गोरेगावात टायपिंगचं दुकान चालवणारा शिवहार दुसरा पंच होता. त्याचा फोन आला. "मिनाताई, हा अर्ज हाय का मतदार यादी? आता तुमी निवाडा करणार कुणाचा?"

"उरलेल्यांचा."

उरलेल्यांपैकी पहिली तक्रार ऑक्टोबरात आली, ती नामाजीकाकांविरुद्ध. काका गोरेगावला हळदीचं बेणं विकत. कनेरगाव नाक्याच्या एका शेतकऱ्याने लिहिलं होतं की बेणं आतून सडकं निघालं, निम्मं रान गेलं, 'भरवशाचे विक्रेते' या यादीतून यांचं नाव काढा. नाव निघालं असतं तर पुढच्या हंगामात काकांकडे कुणी फिरकलं नसतं.

शिवहारचं मत नाव काढावं असं होतं. तिसरी पंच, सेनगावची सीमा, काढू नये म्हणाली. माझ्या मतावर ठरणार होतं. काकांचं नाव माझ्या एकशे बारांत नव्हतं. ते मेंढरं राखणाऱ्या घरातले, आम्ही तांड्यावरचे. माझा अर्ज स्वच्छ होता.

मी मत लिहायला बसले. रानात पाणी साचलं असेल. जमीन भारी असेल. लागवड खोल झाली असेल. अशाच आणखी दोन. लिहून झाल्यावर सवयीने परत वाचलं. पाच शक्यता होत्या, आणि पाचही त्या शेतकऱ्याच्या रानातल्या. काकांच्या बेण्याच्या ढिगाबद्दल एकही नाही. कामावर कुणी मला असा अहवाल दाखवला असता, तर मी तो परत दिला असता.

१९९४ साली मी अकरावी विज्ञानला हिंगोलीला जाऊ लागले. तांड्यावरून कॉलेजला जाणारी मी पहिलीच मुलगी. माझ्या आईची, भिकाबाईची, एकच अट होती: जीपच्या पुढच्या सीटवर जागा असेल तर जायचं, मागे गड्यांच्या गर्दीत बसायचं नाही. काका तेव्हा गोरेगाव-हिंगोली जीप चालवत. दोन वर्षं त्यांनी ती जागा माझ्यासाठी धरून ठेवली. मला फाट्यावर यायला उशीर झाला, तर गाडी उभी. मागचे म्हणायचे, "नामाजी, कलेक्टरीणबाई येऊन राहिल्या का?"

"व्हईल बी. तवर बसा," काका म्हणायचे.

मी लिहिलेलं पुसलं आणि शिवहारला फोन केला. "या निवाड्यात मी नाही."

"काहून? नात्यात न्हाई, धंद्यात न्हाई."

मी त्याला सीटचं सांगितलं. तो म्हणाला, "आता हे कोणत्या रकान्यात टाकू?"

"तिसरा कर."

त्याने फोरमवर जसंच्या तसं टाकलं: मिना राठोड बाजूला. कारण, १९९४ ते ९६, जीपची पुढची सीट.

चिठ्ठीत निघालेल्या सभासदाने गोरेगावला जाऊन बेण्याचा उरलेला ढीग पाहिला. वरचा पत्रा गळत होता. काकांचं नाव एका हंगामासाठी यादीतून काढायचं ठरलं.

पंधरा दिवस मला गोरेगावला जायचा धीर झाला नाही. शेवटी गेले. काका जीपच्या अड्ड्यावर चहा पीत होते.

"ये. उभी काहून?"

मी बाकावर बसले. "काका, तुमच्या वेळेला मी बोलले नाही."

"शिवहारनं वाचून दावलं मला." त्यांनी बशी खाली ठेवली. "पत्रा गळून राहिला हे मला ठाऊक व्हतं, पोरी. म्हणलं, चालून जाईल. तू निवाड्याला बसली असतीस तर सुटलो असतो मी. अन् लोक म्हणले असते, नामाजीनं सीट वसूल केली. आता सीट ती सीटच राहिली."

त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

"पत्रा बदलला," ते म्हणाले. "बेण्याला काय लावायचं ते लिहून दे. का ते बी अर्जात भरावं लागतं?"

"लागतं," मी म्हणाले आणि पर्समधून कागद काढला.

घरी येऊन मी माझा अर्ज उघडला. तिसऱ्या रकान्यात काकांचं नाव लिहिलं. मग आणखी कोण, म्हणून अकरावीपासून आठवत गेले. प्रयोगवही तपासताना चुकांखाली बरोबर आकृती काढून देणाऱ्या मॅडम. स्टँडवर छत्री देऊन स्वतः भिजत गेलेली पंचफुला. अकराव्या नावाला मी चहा करायला उठले. अजून बारावीचं वर्ष आलंच नव्हतं.