शिसं भरलेलं कडं

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. उंब्रजच्या माळावर, मंतरलेली कडी घालून दुखणी बरी करतो म्हणणाऱ्या कडेबाबाकडे, पुनवेला ही गर्दी लोटायची. अशाच एका पुनवेला बाबाने केरबाच्या उजव्या मनगटात मंतरलेलं जाड कडं अडकवलं, पाण्याने भरलेला पेला हातात दिला, आणि दोन वर्षं थरथरणारा हात थांबला. एक-दोन थेंब सांडले असतील. बायाबापड्यांनी लोटांगणं घातली.

“कोपर बरगडीला लाव, बाळा. आई कोपरात बसलीया,” बाबा घुमत म्हणाला. आईला बसायला बरी जागा सापडली होती.

केरबा गुऱ्हाळात गूळ शिजवणारा नावाजलेला गुळव्या. पण चहाचा कप तोंडाशी नेला की निम्मा चहा सदऱ्यावर, आणि लोक हसायचे.

“करणी हाय. बाईमाणसाची,” बाबाने डोळे मिटले. “आठव. पैल्यांदा हात कापला तवा म्होरं कोण हुतं?”

केरबाने आठवलं. त्या दिवशी चहा दिला होता थोरल्या भावाच्या विधवेने.

“चंद्राबाई वयनी,” तो पुटपुटला.

“चंद्राबाई,” बाबा गरजला आणि गर्दी हबकली. केरबाचं पुटपुटणं बाबाशिवाय कुणाच्याच कानी पडलं नव्हतं. बाबाने नाव कसं अचूक ओळखलं, याच्या गोष्टी गावभर झाल्या.

आठवडाभरात चंद्राबाईच्या लेकीची, अंजनाची, ठरलेली सोयरीक मोडली. तिच्या दारावरून जाताना शेजारणी पोरं पदराखाली घेऊ लागल्या. केरबा सगळं बघत गप्प राहिला. हात थांबलाय म्हणजे बाबा खराच, अशी त्याने मनाची समजूत घातली.

कडं काढायचं नाही, ही बाबाची ताकीद. शेवटी मनगट सोलून पू झाला, तेव्हा तो कराडला डॉक्टरांकडे गेला. त्यांनी कडं काढताच थरथर परत आली.

“बघा, करणी उठली,” केरबा घाबरून म्हणाला.

डॉक्टरांनी कडं तळहातावर तोललं. “शिसं ओतलंय यात. केरबा, भरली बादली उचलताना हात असाच कापतो?”

“न्हाई. कप उचलला की लय.”

डॉक्टरांनी कापडी पिशवीत वाळू भरली, जखमेच्या वरच्या बाजूला बांधली आणि पेला दिला. हात कड्याने थांबायचा तितकाच थांबला.

“या वाळूला कुठला मंत्र घातलाय? ही नसांची थरथर आहे. वजन बांधलं, कोपर टेकवलं की काहींची कमी होते. जात नाही, सांभाळता येते. कप अर्धाच भरा, दोन्ही हातांनी धरा.”

“मग वयनीनं काय केलं न्हाई?”

“चहा केला,” डॉक्टर म्हणाले.

परतीच्या एस.टी.त केरबाला मान वर करवेना.

पुढच्या पुनवेला त्याने कडं बाबापुढे टाकलं आणि वाळूची पिशवी बांधून भरलेला पेला स्थिर धरला.

“वाळूतबी आईच हाय,” बाबा सावरून म्हणाला.

“डॉक्टरानं नदीतनं आणलीया ती. आन् ऐका रं समदे. नाव बाबानं वळखलं न्हाई. त्यानं इचारलं, मी सांगितलं. माज्या तोंडातनं गेलं त्ये.”

काहींनी कडी काढली. बरेचजण ती तशीच घालून घरी गेले.

केरबा तिथून थेट चंद्राबाईच्या दारात गेला. “वयनी, चुकलं माजं. समद्यांम्होरं सांगून आलोय.”

“बरं केलंसा, भावजी,” ती म्हणाली. “पर अंजनाचं काय? त्या लोकांनी दुसरी सून आणली की.”

लाजेने केरबाला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकवेना.

हात थरथरला तर डॉक्टर गाठावा, वजन बांधून बघावं, कोपर टेकवावं. आणि कुणी डोळे मिटून विचारलं की तुझा संशय कुणावर, तर आधी आपलं तोंड मिटावं. आपण ज्याचं नाव घेतो त्याला घर असतं, आणि त्या घरात लग्नाची लेक असते.