शेजारगावांचा करार

राजश्री शितप सरपंच म्हणून निवडून आली आणि तिसऱ्याच दिवशी, हरलेल्या दत्ताराम खोतांनी ग्रामपंचायतीला स्वतःचं कुलूप ठोकलं. "हा गाव माझ्या शब्दावर चालतो," पायरीवर बसून ते म्हणाले.

राजश्रीने शेजारच्या दोन गावांना फोन केला. गेल्या वर्षी हातखंब्याला बसून तिन्ही गावांनी लेखी करार केला होता: मतांनी निवडलेल्याला कोणी जबरदस्तीने हटवलं, तर बाकीच्यांनी धावून जायचं.

दुपारपर्यंत दोन टेम्पो भरून माणसं आली. पुढे शेजारगावचे म्हातारे सरपंच काशीराम होते.

"आमच्या गावात तुमचं काय काम?" खोत ओरडले.

"आज हिची खुर्ची गेली तर उद्या माझी जाईल," काशीराम म्हणाले. "नळपाणी योजना तिन्ही गावांची आहे. तिच्यासाठी तुमच्या सहीचा एकही कागद आम्ही घेणार नाय."

तेवढ्यात अंगणात जमून बसलेल्या खोतांच्याच वाडीतल्या बायका उठून राजश्रीच्या मागे उभ्या राहिल्या. ते बघून खोतांनी चावी फेकली आणि ते निघून गेले.

राजश्रीने चावी उचलली आणि कुलूप स्वतः उघडलं. मग तिने सभेची दवंडी द्यायला सांगितली.

"खोतांनाही बोलवा," ती म्हणाली. "त्यांचंही मत धरू. पण सगळ्यांसारखं एकच."