पहिला कागद उल्काच्या हातात

मित्रांनो, मी बोलू लागलो की आजूबाजूची माणसं कानांत बोटं घालतात. मी एक जुनं ब्रेल छापणारं यंत्र आहे. मला शाई लागत नाही. माझ्या पोटातल्या सुया जाड कागदावर ठोके देतात, कागदावर उठावाचे ठिपके येतात आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ती मुलं ते बोटांनी वाचतात.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. खोक्यात बसून, आधी बोटीने आणि मग ट्रकने, मी दिल्लीत आलो. मयूर विहारमधल्या एका छोट्या संस्थेच्या तळमजल्यावर मला जागा मिळाली. संस्था हेमलताताई चालवत. केंद्र सरकारच्या नोकरीतून त्या निवृत्त झाल्या होत्या. दुपारी माझा खडखडाट सुरू झाला की वरच्या मजल्यावरच्या शेजारणी बोटं मोडत. ताई त्यांच्याकडे बेसनाचे लाडू पोचवत आणि खाली येऊन मला पुन्हा सुरू करत. गोष्टी, भूगोल, व्याकरण, काय काय छापलं मी! माझं कौतुकही फार झालं. तेव्हा मी जरा फुगलोही होतो.

मग माझ्या जोडीचा संगणक थकला आणि नवा आला. त्याचं माझं काही केल्या जमेना. संगणक आणि यंत्र यांच्यामध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ज्या यंत्राचा जो ड्रायव्हर, तोच बसवावा लागतो. आजकालची यंत्रं जोडल्याबरोबर आपलं नाव सांगतात आणि संगणक त्यांचा दुभाष्या शोधून देतो. मी पडलो जुन्या वळणाचा. मला नाव सांगता येत नव्हतं, त्यामुळे माझा दुभाष्या कुणीतरी यादीतून निवडणं भाग होतं.

नेमकी तेव्हाच संस्थेत येणाऱ्या उल्काची दहावीची सराव परीक्षा आली. उल्का जन्मापासून पाहू शकत नव्हती, पण बीजगणितात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. आजवर तिला प्रश्न कुणीतरी वाचून दाखवी आणि लांबलचक समीकरण तिला डोक्यात धरून ठेवावं लागे. या वेळी शाळा म्हणाली, सोमवारपर्यंत ब्रेलमध्ये पेपर छापून मिळाला तर तोच देऊ, नाहीतर नेहमीप्रमाणे वाचून दाखवू. सगळी भिस्त माझ्यावर होती आणि मी मुका बसलो होतो.

शनिवारी गुरुग्रामहून श्रीरंग आला. तो तिथल्या एका कंपनीत इंजिनिअर होता आणि सुट्टीच्या दिवशी संस्थेचं काम फुकट करायचा. त्याने माझा आवाज ऐकला, दोन्ही कडांना भोकं असलेला माझा लांब कागद पाहिला आणि त्याला वाटलं, हा तर ऑफिसातल्या जुन्या खडखड्या प्रिंटरचा भाऊ दिसतोय. त्याने त्या प्रिंटरचा ड्रायव्हर निवडला. मी धडाधड छापू लागलो. पेपरच्या आधी चाचणी म्हणून उल्काच्या घरच्या अभ्यासातली गणितं दिली होती; तो कागद ठिपक्यांनी भरून बाहेर आला.

"बिल्कुल ओके, काकू! बघा, मस्त छापतोय," श्रीरंग म्हणाला.

ताईंचं ब्रेल नीट शिकायचं राहूनच गेलं होतं. त्यांनाही कागद सुबक दिसला. श्रीरंग पिशवी उचलायला वाकला, तेवढ्यात उल्काने हात पुढे केला. "मला द्या ना आधी."

तिची बोटं एका ओळीवरून गेली, थांबली, मागे आली.

"दादा, यात भलतंच काहीतरी घुसलंय. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीच चिन्हं आहेत. समीकरणाच्या मध्येसुद्धा. गोष्ट असती तर मी अंदाजाने वाचली असती. गणितात कसं चालेल?"

"कोणती चिन्हं? सांग बघू."

तिने एकेक चिन्ह सांगितलं आणि श्रीरंगने कपाळावर हात मारला. "अरे यार! हे तर त्या प्रिंटरला द्यायचे हुकूम आहेत. अक्षर ठळक कर, बारीक कर. हा बिचारा हुकूमही छापत सुटलाय."

"मग हुकूम न सोडणारा कुणीच नाही का तुमच्या यादीत?"

श्रीरंगने यादी पुन्हा तळापर्यंत चाळली. "आहे एक. अगदी साधा. येईल ते अक्षर जसंच्या तसं पुढे देतो, बस्स. त्याला कुणी विचारतसुद्धा नाही."

"चलो, त्यालाच विचारू," उल्का म्हणाली.

मी पुन्हा खडखडलो. या वेळी कागद सरळ उल्काच्या हातात गेला. तिची बोटं कुठेही न अडता पार शेवटच्या ओळीपर्यंत गेली. माझा जीव टांगणीला लागला होता. मग ती म्हणाली, "ताई, माझी खुंट्यांची गणिताची पाटी द्या. पहिलं तोंडीच सुटलं."

मित्रांनो, मला त्या दोघांचंही कौतुक वाटतं. तिने चूक बोटांनी पकडली आणि त्याने ती हसत मान्य केली. आता संस्थेत माझ्यापेक्षा हळू आवाजाचं नवं यंत्र आलंय. मी कोपऱ्यात धूळ खात बसतो, याचं वाईट वाटतं. आम्हा जुन्यांना भंगारात काढण्याआधी आमचा खरा दुभाष्या एकदा शोधून पाहा. आणि यंत्र नीट चालतंय की नाही, हे ज्याच्यासाठी ते आहे त्यालाच विचारा.

त्या सोमवारी मी छापलेला पेपर उल्काच्या बाकावर होता. सवयीप्रमाणे शाळेतल्या बाई प्रश्न वाचायला उभ्या राहिल्या. हेमलताताई सांगतात, उल्काने कागदावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "आप बैठिए मैम, मैं खुद पढ़ूँगी."