मागे बसणारी

मागे बसणाऱ्याच्या पायाखालच्या रबराची एक कड झिजली होती, कुणी वर्षानुवर्षं तिथे टाच घासत बसावं तशी... पण ही गाडी तर चाचणीसाठी ठेवलेली, तीन महिन्यांपूर्वी आलेली, असं शोरूमचा माणूस सांगत होता, आणि ती त्याच्याकडे पाहून मान डोलवत असली तरी नजर त्या रबरावरून हटत नव्हती.

"आई, ऐकतेयस ना?" लेक म्हणाली.

"ऐकतेय गं."

दोन मोटरसायकली शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक ही, रबर झिजलेली, टूरर – मोठी टाकी, समोर काच, दोन्ही अंगांना पेट्या, मागच्याला टेकायला पाठ. लांबच्या प्रवासाची, दोन माणसांची. दुसरी क्रूझर – बुटकी, हलकी, बसलं की दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकणारी, आणि मागे गादी म्हणावी तर चार बोटांची. लेकीचं मत हलकीला. टूरर आडवी झाली तर तुला एकटीला उचलता तरी येईल का, हे तिचं म्हणणं, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

खरं तर निवडायला लावणं हा आईच्या हातचा मळ. ती डोळे तपासायची. दिवसभर दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत भिंगामागून भिंग बदलत विचारायची, आता बरं दिसतंय की आधी? – आणि माणूस अडखळला की म्हणायची, घाई नाही, इथे चुकीचं उत्तर नसतंच. आज स्वतःला विचारायची वेळ आली, तर ती पुन्हा त्या रबराकडेच बघू लागली.

तिने आधी क्रूझर चालवली. पूल ओलांडून गोदामांच्या रस्त्याने जायचं आणि वळून परत यायचं. म्हणेल तिथे गाडी वळत होती. काही झालं नाही. काहीच झालं नाही, आणि उतरताना तिच्या लक्षात आलं, भर उन्हात आपली पाठ गार पडली आहे.

मग टूरर.

एकोणीस वर्षं ती नवऱ्याच्या मागे बसली होती. दीड वर्षापूर्वी तो गेला – गाडीवरून नव्हे, कचेरीत, खुर्चीत बसल्या बसल्या. गाडी चालवायला ती शिकली ती त्यानंतर. शिकवणाऱ्या मास्तरांनी तिला सांगितलं होतं, बाई, तुम्हाला तोल उपजतच आहे. उपजत कसला... एकोणीस वर्षं एका पाठीच्या मागे मिळवलेला.

गोदामांच्या वळणावर गाडी तिच्याआधी कलली. तिने अंग झुकवायच्या आत, अलगद. मागे वजन होतं. समोर हातगाडी आली, आणि ब्रेक दाबायच्या क्षणभर आधी दोन गुडघे तिच्या कमरेला आवळले गेले.

तो, असं वाटलं. वाटायलाच हवं होतं. पण तो कधी मागे बसलाच नव्हता, गुडघे आवळायची सवय त्याला असणार कुठून? हे गुडघे मला ठाऊक आहेत... डावा जरा जास्त दाबतो.

लांबच्या सरळ रस्त्यावर तो विचारायचा, झोपलीस का? – आणि वाऱ्यात उत्तर ऐकू जात नाही म्हणून ती त्याच्या डाव्या खांद्यावर दोनदा बोट टेकवायची. जागी आहे. आता तसाच सरळ रस्ता आला, आणि हेल्मेटच्या आत तिचे ओठ हलले. तिला विचारायचं नव्हतं, देवाशपथ नव्हतं.

"झोपलीस का?"

एकदा. थोडं थांबून पुन्हा. डाव्या खांद्यावर.

ती घाबरली ती त्या स्पर्शाला नाही. आपण 'झोपलीस' म्हणालो, याला. आरशात नुसता रस्ता होता, आणि स्वतःचं कोपर.

"मॅडम, तुम्ही फारच पुढे सरकून बसता," परत आल्यावर शोरूमचा माणूस हसून म्हणाला. "पोट टाकीला लागतंय. मागे एवढी जागा असून!"

"आहे का?" ती म्हणाली. त्याला तो विनोद वाटला.

लेकीने हेल्मेट घ्यायला हात पुढे केला. "मग? हलकीच ना?"

हलकी घेतली तर तिला, त्या मागे बसणारीला, सोडायचं कुठे? गोदामांच्या रस्त्यावर? एकोणीस वर्षं डोळे मिटून नवऱ्याच्या पाठीवर भरवसा टाकलेली ती बाई. घरची वाटसुद्धा तिने कधी नीट बघून ठेवलेली नाही. आणि जड घेतली तर... ती येणारच, रोज, दवाखान्यापर्यंत, भाजीला, सगळीकडे, एक शब्द न बोलता.

"आई, चेहरा बघ तुझा. पाणी आणू?"

"नको. जरा बसू दे."

ती गाडीवरून उतरली नव्हती. इंजिन बंद होतं, हात मुठींवर तसेच. मागचीची भीती आता उरली नव्हती. तिला तर ती पुरती ओळखत होती. पण ही पुढे बसलेली, वळणं घेणारी, ब्रेक दाबणारी, त्याच्या शब्दांत प्रश्न विचारणारी – ही कोण, असं या क्षणी कुणी विचारलं असतं, अगदी पोटच्या पोरीने विचारलं असतं, तरी तिला सांगता आलं नसतं.